खर्जाची किंमत

ओळखीच्या एका शाळेत गेल्या वर्षी एक छोटासा वाद झाला. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला चाळीस हजार रुपये दिले आणि सांगितले, की मुलांना चांगले शास्त्रीय संगीत नीट ऐकता येईल असे काहीतरी करा. अँप्लिफायर शाळेत होताच. स्पीकर घ्यायचे होते. संगीताचे सर आणि विज्ञानाच्या बाई जिल्ह्याच्या गावी दुकानात गेले. तिथे साधारण सारख्याच किमतीचे दोन जोड समोर आले. एक कपाटात ठेवता येईल एवढा लहान, तर दुसरा कमरेपेक्षा उंच, जमिनीवर उभा राहणारा. दुकानदाराचे म्हणणे स्पष्ट होते, "उंच घ्या. दिसायलाही भारदस्त आणि आवाजही भारदस्त."

बाईंना ते पटले. तेवढ्याच पैशांत तिप्पट मोठी वस्तू मिळत असेल तर लहान का घ्यायची? सरांना पटले नाही. त्यांच्या कानाला गायकाचा गळा लहान स्पीकरमध्ये अधिक खरा वाटला होता. दोघेही काही न घेता परत आले. पैसे एकदाच मिळाले होते. चुकले तर पुन्हा कोण देणार?

या वादात दोघांपैकी कोणीही चूक नव्हते. ते का, हे समजण्यासाठी लाऊडस्पीकरचा शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास म्हणजे एका साध्या प्रश्नाशी घातलेली झटापट आहे. लहानशा पेटीतून मोठा खर्ज कसा काढायचा? (आपल्याकडे पेटी म्हटले की हार्मोनियम आठवते. या लेखात मात्र पेटी म्हणजे स्पीकरचे लाकडी खोके.)

कर्ण्याकडून शंकूकडे

सुरुवातीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. तबकडीच्या खाचेतून सुई फिरे, सुईमुळे एक लहान पडदा थरथरे आणि ती थरथर कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर पडे. ध्वनिमुद्रणही याच्या उलट क्रमाने, कर्ण्यात तोंड घालूनच होई. गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या तबकड्या अशाच मुद्रित झाल्या. त्या ऐकताना गळा ओळखू येतो, पण डग्ग्याचा घुमारा काही सापडत नाही. यात वादकाचा दोष नाही. कर्ण्याला खालचे सूर झेपत नसत.

याचे कारण तरंगलांबीत आहे. कर्ण्याने एखादा सूर नीट बाहेर टाकायचा, तर त्याच्या तोंडाचा परीघ साधारण त्या सुराच्या तरंगलांबीएवढा असावा लागतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे १०० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ३.४ मीटर झाली आणि कर्ण्याच्या तोंडाचा व्यास एक मीटरहून अधिक झाला. असा कर्णा बैठकीच्या खोलीत कोण ठेवणार?

चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे ठेवून त्याला कंप देण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ सालीच तशा यंत्राचे पेटंट घेतले होते, आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली. पण वेटोळ्यात घालायला पुरेसा विद्युतप्रवाह तेव्हा नव्हता. तो वर्धन करणाऱ्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह आल्यावर मिळाला. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी एक निबंध वाचला. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला वेटोळे, वेटोळ्याभोवती चुंबक. आजही बहुतेक सगळे स्पीकर याच घडणीचे आहेत.

राइस आणि केलॉग यांचे खरे यश शंकू शोधण्यात नव्हते. शंकूवरचे बल कायम ठेवले, तर वरच्या आणि खालच्या सुरांना त्याचे त्वरण सारखेच राहील अशी रचना त्यांनी केली. (बल = वस्तुमान × त्वरण, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच.) श्रोत्यापर्यंत पोचणारा दाब या त्वरणावर अवलंबून असतो. त्यामुळे बऱ्याच मोठ्या पट्ट्यात आवाज एकसारखा राहतो.

पण याची एक किंमत मोजावी लागते. त्वरण तेवढेच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला शंकू एक मिलिमीटर हलत असेल, तर तेवढ्याच जोरात ४० हर्ट्झ ऐकवायला चार मिलिमीटर, आणि २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर. खर्ज महाग असतो तो इथून. शंकू मोठा करा किंवा त्याला खूप हलू द्या, तिसरी वाट नाही.

राइस आणि केलॉग यांचा स्पीकर १९२६ मध्ये अँप्लिफायरसह 'रेडिओला १०४' या नावाने बाजारात आला. किंमत अडीचशे डॉलरच्या घरात. त्याच सुमारास फोर्डची सर्वांत स्वस्त मोटार २६० डॉलरला मिळत होती. चांगला आवाज ही तेव्हा श्रीमंतांची चैन होती.

मागची लाट

शंकूला पेटी कशाला हवी? हे वर्गात करून दाखवता येते. जुन्या रेडिओतला स्पीकर बाहेर काढा आणि तारा जोडलेल्या ठेवूनच, नुसता हातात धरून वाजवा. आवाज पातळ, पत्र्यासारखा येईल. आता एका मोठ्या पुठ्ठ्याला शंकूच्या मापाचे भोक पाडा आणि स्पीकर त्यावर टेकवा. एकदम खालचे सूर भरून येतात. मुले चकित होतात, कारण आपण नवे काहीच जोडलेले नसते.

शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. वरच्या सुरांची तरंगलांबी लहान असल्याने पुढच्या-मागच्या लाटांचा फारसा संबंध येत नाही. खालच्या सुरांत मात्र मागची लाट कडेने वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खोडून टाकते. पुठ्ठा तिची वाट लांबवतो. ४० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेआठ मीटर आहे. तिला अडवायला पुठ्ठा नव्हे, भिंतच हवी. ते शक्य नसेल तर मागची लाट पेटीत कोंडायची.

पण कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाही. ती स्प्रिंगसारखी शंकूला परत ढकलते. पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि खर्ज तितका वरच संपतो. पुढच्या पन्नास वर्षांत हुशार माणसांनी या स्प्रिंगशी वेगवेगळ्या प्रकारे तडजोड केली.

बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांनी १९३० साली पेटंटसाठी अर्ज केला. ते १९३२ साली मंजूर झाले. त्यांनी पेटीला एक भोक ठेवले आणि त्यात नळी बसवली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठराविक सुरात घुमते. पेटी आणि नळी मिळून अशीच एक बाटली बनते. शंकू दमायला लागतो त्या सुराशी हा अनुनाद जुळवला, तर मागची वाया जाणारी लाट नळीतून बाहेर येऊन पुढच्या लाटेला मदत करते. आज मिळणाऱ्या बहुतेक उंच स्पीकरना पुढे किंवा मागे जे गोल भोक दिसते ते हेच. ते शोभेचे नव्हे.

कोपऱ्यातला राक्षस आणि गादीचे कापड

पॉल क्लिप्श या अमेरिकी अभियंत्याने दुसरी वाट धरली. कर्णा फार मोठा होतो ना, मग त्याची घडी घालू आणि उरलेला कर्णा म्हणून खोलीचा कोपराच वापरू. दोन भिंती आणि जमीन मिळून एक तयार कर्णा असतोच. १९४६ साली आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी त्यांनी कंपनी काढली. त्यांचा 'क्लिप्शहॉर्न' माणसाच्या छातीपर्यंत उंच, पण एका वॅटला सुमारे १०५ डेसिबल आवाज देणारा. त्या काळात व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधून दहा-वीस वॅट मिळाले तरी पुष्कळ, आणि क्लिप्श यांना तेवढेही पुरेसे होते. त्यांनी खर्ज राखला, जोर राखला आणि लहान आकारावर पाणी सोडले.

एडगर व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीचा वर्ग घेत. त्यांनी विचार अगदी उलटा केला. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते हे संकट नव्हे, सोय आहे. शंकूच्या कडेला ताठ कापड किंवा कागद लावून जी स्प्रिंग केलेली असते ती ओबडधोबड असते. जास्त ताणली की आवाज विकृत करते. हवेची स्प्रिंग तिच्यापेक्षा किती तरी नेमकी. तर मग शंकूची कड अगदी सैल ठेवायची आणि त्याला सावरण्याचे काम बंद पेटीतल्या हवेवर सोपवायचे. पहिल्या नमुन्यासाठी त्यांनी एका तयार स्पीकरची कड कापून काढली आणि तिथे गादीच्या खोळीचे कापड लावले. १९५४ साली विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्या साथीने त्यांनी 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी स्थापन केली. त्यांची पहिली पेटी दोन घनफुटांपेक्षाही लहान होती, पण कपाटाएवढ्या पेट्यांना जमणार नाही असा खर्ज त्यातून निघे.

मग व्हिल्चर यांनी काय सोडले? त्यांनी जोर सोडला. त्यांच्या पेटीला तेवढ्याच आवाजासाठी कितीतरी अधिक वॅट लागत. इतिहासाने त्यांना साथ दिली. १९५८ साली स्टिरिओ तबकड्या आल्या आणि घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवण्याची वेळ आली. दोन राक्षस मावतील एवढी घरे किती जणांची? पुढे साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि वॅट स्वस्त झाले. जागा महाग आणि वीज स्वस्त अशा जगात व्हिल्चर यांचा सौदा योग्य ठरला.

पियानोवादकाच्या मुलाचा नियम

क्लॉस यांनी १९५७ मध्ये दोन भागीदारांसह वेगळी कंपनी काढली. त्यांतले एक होते अँटन हॉफमान, विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमान यांचे चिरंजीव. वडिलांच्या हाताखालचा पियानो जन्मभर ऐकलेला हा मुलगा पदार्थविज्ञान शिकला. लाऊडस्पीकरच्या धंद्यात त्याचे नाव एका नियमाने राहिले. मोठा खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मागा, तिसरी मिळणार नाही. याला 'हॉफमान यांचा पोलादी नियम' म्हणतात.

हा नियम गणितात मांडण्याचे काम सिडनीत झाले. नेव्हिल थील यांनी १९६१ साली थुरास यांच्या भोकाच्या पेटीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पेटी, नळी आणि शंकू यांच्याकडे त्यांनी विजेच्या गाळणीप्रमाणे, म्हणजे फिल्टरप्रमाणे पाहिले. तोपर्यंत भोक केवढे करायचे हे बरेचसे अंदाजाने ठरे. हा निबंध ऑस्ट्रेलियाबाहेर फारसा वाचला गेला नाही. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला. सिडनी विद्यापीठात संशोधन करणारे रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये हे काम बंद पेट्यांपर्यंत नेऊन पुरे केले. आज खेड्यातला हौशी सुतारसुद्धा तक्ते पाहून पेटीचे माप काढतो, ती या दोघांची देणगी.

स्मॉल यांच्या गणिताचा गाभा एका ओळीत सांगता येतो. पेटीची कार्यक्षमता ही तिच्या आकारमानाच्या आणि खालच्या मर्यादेच्या वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे खर्ज एका सप्तकाने खाली न्यायचा, तर पेटी आठपट मोठी करा, नाही तर आठपट वीज द्या. आता दुकानदार काहीही म्हणो, हा हिशेब चुकवता येत नाही.

उंच पेटी कुठून आली

या हिशेबाने बाईंचा मुद्दा तपासून पाहू. लहान पेटी २० सेंटिमीटर रुंद, ३० खोल आणि ३५ उंच धरू. लाकडाची जाडी सोडून दिली तर आकारमान २१ लिटर. ही पेटी टेबलावर ठेवता येते, पण नीट ऐकायचे तर ती कानाच्या उंचीवर हवी. म्हणजे तिच्याखाली स्टँड आला. स्टँडने व्यापलेली जमीन तेवढीच. मग त्या रिकाम्या जागेतही पेटीच का असू नये? तीच रुंदी, तीच खोली आणि उंची १०५ सेंटिमीटर केली तर आकारमान ६३ लिटर होते. जागा न वाढवता पेटी तिप्पट झाली. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या सडपातळ स्पीकरचा सारा युक्तिवाद एवढाच आहे, आणि तो पक्का आहे.

तिपटीचा फायदा किती? तीनचे घनमूळ १.४४. लहान पेटीचा खर्ज ६० हर्ट्झला संपत असेल, तर तेवढ्याच कार्यक्षमतेची उंच पेटी सुमारे ४२ हर्ट्झपर्यंत जाईल. पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची. म्हणजे सिंफनी ऐकणाऱ्याला हा फरक पायाच्या दगडाएवढा मोलाचा आहे. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा, पण तिथे पोचण्यासाठी पुन्हा साधारण चौपट पेटी लागेल. माफक खर्चात तो नाद सोडलेलाच बरा.

आता सरांचा मुद्दा. उंच पेटीला फळ्या जास्त लागतात, आणि किंमत मात्र तेवढीच ठेवायची आहे. मग पैसे कुठून वाचवतात? फळी पातळ करतात, आतले आडवे आधार गाळतात. तीन-चार शंकू बसवून भारदस्तपणा आणतात आणि प्रत्येक शंकू स्वस्तातला घेतात. पातळ फळी शंकूबरोबर स्वतःही कंप पावते. शिवाय सुमारे एक मीटर उंचीच्या पोकळीत हवेचा स्वतःचा एक सूर असतो. ३४० भागिले दोन मीटर, म्हणजे १७० हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. त्या हिशेबाने हा सूर गंधारापाशी येतो. आत पुरेसा कापूस किंवा लोकर नसेल तर प्रत्येक गंधार थोडा फुगून येणार. सरांच्या कानाला गळा 'खोटा' वाटला तो बहुधा असल्याच कशाने तरी.

बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर घडवला. त्यात खोल खर्ज नव्हता आणि जोरही नव्हता. पण माणसाचा आवाज इतका खरा येई, की निवेदकाच्या बोलण्यातला दोष कानाने पकडता येई. हॉफमान यांच्या नियमातल्या तीन गोष्टींपैकी त्यांनी एकच मागितली होती आणि उरलेले सगळे कष्ट खरेपणावर खर्च केले होते.

पडद्याआड

पण खरे कोणते हे ठरवायचे कसे? हा प्रश्नही जुनाच. १९१५ पासून एडिसन यांची कंपनी सभागृहात ग्रामोफोनशेजारी गायिकेला उभी करी. मध्येच अंधार होई आणि श्रोत्यांनी ओळखायचे, की गाते आहे ती बाई की यंत्र. लोक फसत. मात्र त्यातल्या एका गायिकेने पुढे सांगितले, की ती आपला आवाज यंत्राला जुळेल असा बेताचा लावत असे. इंग्लंडमध्ये व्हार्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ पासून लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भर सभेत कलावंत आणि ध्वनिमुद्रण यांची तुलना ऐकवली. व्हिल्चर यांच्या कंपनीनेही एका तंतुवाद्य-चौकडीबरोबर असेच कार्यक्रम केले. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात त्यांनी एक खोली उघडली होती. तिथे कोणीही जाऊन ऐकावे, पण विक्री तिथे होत नसे.

शास्त्रशुद्ध उत्तर मिळायला ऐंशीचे दशक उजाडले. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळात फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्यामागे ठेवून, आवाजाची पातळी जुळवून, अनेक श्रोत्यांकडून गुण देववले. निष्कर्ष दिलासा देणारा होता. स्पीकर दिसत नसला की माणसांची मते आश्चर्यकारकरीत्या जुळतात. समोरून सर्व सूर सारख्या जोराने देणारा आणि बाजूंनाही तसाच गुळगुळीत आवाज सोडणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर ऐकवले. उघड्यावर ऐकताना मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले आणि एका लहानशा प्लास्टिकच्या संचाचे घसरले. ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये हेही दाखवले, की पसंतीत सुमारे ३० टक्के वाटा एकट्या खर्जाचा असतो. म्हणजे बाईंचा ओढा खर्जाकडे होता तो साहजिकच. फक्त त्यातला किती कानाचा आणि किती डोळ्यांचा, हे वेगळे करायचे राहिले होते.

शाळेने काय केले

हे सगळे बोलून झाल्यावर दोघांनी आधी एक यादी केली. मुलांना काय ऐकवायचे? ख्याल, ध्रुपद, सतार, पखवाज, आणि वर्षातून काही तास सिंफनी. काळी एकच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून हा सूर मुळी येतच नाही. त्याच्या वरच्या स्वरांवरून मेंदू तो जुळवून घेतो, म्हणून तानपुरा ओळखू येतो. पण त्याचा भरीवपणा ज्याने कधी ऐकला नाही त्याला तो काय ठाऊक? वर्गातल्या बहुतेक मुलांनी तानपुरा फक्त मोबाइलवर ऐकला होता. म्हणजे ५५-६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ खर्ज ही खरी गरज. ४० मिळाला तर आनंद, तीसच्या खाली जाण्याचा हट्ट नको.

दुसरे, खोली. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बारा फुटांच्या बाजूने हवेचा अनुनाद ४६ हर्ट्झच्या आसपास येतो, त्यामुळे लहान पेटीचाही खर्ज तिथे फुगून भरपूर वाटतो. दुकानातली ऐकण्याची खोली अशीच होती. शाळेचा वर्ग तिच्या चौपट होता. तिथे तो आधार कमी मिळणार आणि चाळीस मुलांपर्यंत आवाज पोचवायचा.

तिसरे, जोर. एका वॅटला ८५ डेसिबल देणारा स्पीकर ९५ साठी दहा वॅट मागतो, १०५ साठी शंभर. शाळेचा अँप्लिफायर चाळीस वॅटचा होता. शास्त्रीय संगीत ऐकायला तो पुरेसा होता. स्नेहसंमेलनाला नाचण्यासाठी नव्हता. त्यांनी ठरवले, की आपण जोर सोडू.

पुन्हा दुकानात जाताना त्यांनी वर्षानुवर्षे ऐकलेल्या तीन सीडी, एक पातळ चादर आणि दोन विद्यार्थी नेले. पेटीच्या बाजूला बोटाच्या पेराने टकटक केली. पहिली उंच पेटी ढोलीसारखी वाजली. मागच्या बाजूला आणखी एक उंच जोड होता, जुन्या मॉडेलचा, दोनच शंकूंचा आणि दिसायला साधा. तो टकटकीला जाड दारासारखा 'ठक्क' वाजला. चादरीआडून तिन्ही जोड, आवाज शक्य तेवढा सारखा ठेवून, पुन्हा पुन्हा ऐकले. गळ्यासाठी चौघांपैकी तिघांनी एकदा लहान जोड निवडला, एकदा तो साधा उंच जोड. पखवाजाला मात्र चौघांनीही दर वेळी साधा उंच जोडच निवडला. चार शंकूंचा भारदस्त जोड चादरीआड कोणालाच आवडला नाही. दुकानात शिरताना तो बाईंना सर्वांत आवडला होता, हे त्यांनीच हसत सांगितले.

साधा जोड बत्तीस हजारांना मिळाला. उरलेल्या पैशांत जाड पडदे आणि दोन मोठ्या सतरंज्या आल्या. वर्गातला घुमारा त्यांनी कमी झाला. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवले, कारण भिंतीला चिकटवले की खर्ज उगाच सुजतो.

पहिल्या दिवशी सरांनी नुसता तानपुरा लावला आणि दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही असे सांगितले. मग पखवाज. सातवीतली एक मुलगी स्पीकरच्या मागे जाऊन बसली होती. तिने भोकापाशी तळवा धरला आणि ओरडली, "बाई, इथून वारा येतोय!"

बाईंनी त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवला. त्यांनी पाण्याची एक रिकामी बाटली मागवली आणि तिच्या तोंडावर फुंकर मारायला सांगितली.